मूठभर जुनं

आधीच सांगून टाकते, मी चांगली बाई नाही, पण पाव चांगला करते. आमच्या रस्त्यावर माझा विषय निघाला की लोक या दोन्ही गोष्टी एका दमात सांगतात. "तोंडाने फटकळ, पण हाताला चव आहे." हे इतकी वर्षं ऐकलं की मलाही वाटायला लागलं, हाताला चव असली की बाकीचं सगळं माफ असतं.

बेकरी बाबांची. ते गेल्यापासून मी आणि दादा चालवतो. भट्टी माझी, गाडी त्याची. मी भाजते, तो दुकानादुकानांत पोचवतो. वर तीन खोल्या आहेत. दोन आमच्या तिघांच्या आणि रस्त्याकडची वहिनीची, कामाची. वहिनी रफू करते. कोटाला सिगारेटचं भोक पडलं, लोकरीच्या शालीला कसर लागली, की लोक तिच्याकडे येतात. ती त्याच कपड्याच्या आतल्या शिवणीतून धागे ओढून काढते आणि भोक असं बुजवते की मालक कपडा खिडकीशी धरून शोधत बसतो, नेमकं कुठे होतं म्हणून. मी तिच्यापेक्षा सहा वर्षांनी लहान. तरी ती मला 'वन्सं' म्हणते, आणि वर एकेरीत. मुद्दाम, चिडवायला. आमची दोघींची रोज एकदा तरी जुंपते. दादा म्हणतो, तुमचं भांडण ऐकू आलं नाही तर मला वाटतं दुकान बंद आहे.

दोन वर्षांपूर्वी तिची बोटं सुजायला लागली. सकाळी उठली की मूठ मिटत नसे. मग तोंडात फोड, दंडावर लाल चट्टे, आणि थकवा असा की जिना चढून आली की पायरीवरच बसायची. रक्त तपासलं, परत तपासलं. कागदावर एकही नाव धड बसेना. डॉक्टर म्हणाले, शरीराची राखण करणारी फौज घरच्यांवरच उलटली आहे असं समजा, कुठला आजार ते अजून पक्कं म्हणता येत नाही. सुजेच्या गोळ्या दिल्या. गोळ्यांनी दुखणं दबायचं, पण सुई काही हातात ठरायची नाही. रफूवालीची बोटं गेली की राहिलं काय? ती हे बोलून दाखवत नसे. नुसती खिडकीशी बसून बोटं दाबत राहायची.

मग डॉक्टरांनीच तिला एका आहारतज्ज्ञ बाईंकडे पाठवलं. कधीकधी एखादा पदार्थ आगीत तेल ओततो, तो सापडला तर बघू, म्हणाले. बाईंनी सांगितलं ते असं: सहा आठवडे गहू नाही, दूध नाही, अंडं नाही, सोयाबीन नाही, शेंगदाणे नाहीत. मग एकेक परत आणायचा, तीन दिवस खाऊन बघायचा, वाट पाहायची, मगच पुढचा. आणि रोज वहीत लिहायचं, काय खाल्लं आणि सकाळी हात दहापैकी किती दुखले.

"हे औषध नाही," त्या म्हणाल्या, "ही चौकशी आहे. चौकशीत कुणी खोटं बोललं नाही तर कदाचित काही हाती लागेल. लागेलच असंही नाही."

बेकरीच्या घरात गहू बंद! मी हसले. वहिनी हसली नाही. मग मीही कंबर कसली. खोटं कशाला बोलू, मनापासून केलं. तिच्यासाठी वेगळी परात आणली, वेगळा पाट, वेगळा साचा. भट्टीतला एक खण घासून घासून असा काढला की माझी नखं गेली. गव्हाचं पोतं उघडायच्या आधी, हवेत पिठाचा कण नसताना, मी तिचा पाव भाजायची आणि कापडात बांधून वर नेऊन ठेवायची. दादा बघून म्हणाला, "ताप आला का गं तुला?"

तांदळाचं आणि मक्याचं पीठ घेतलं होतं. पहिला पाव बाहेर आला तो वीट होता. दुसराही वीट. दादा म्हणाला, दाराला टेकू लावायला बरा आहे. तीस वर्षं पाव करणारी बाई मी, माझ्या भट्टीतून असलं काही कधी निघालं नव्हतं. वहिनी तो सूपमध्ये बुडवून, चावून चावून खायची. तिने नावं ठेवली असती तर मी सोडलं असतं. भांडलो असतो, मिटलं असतं. पण ती म्हणाली, "चालेल गं. पोट भरतं ना."

पोट भरतं! माझ्या पावाला आजवर कुणी 'पोट भरतं' म्हटलं नव्हतं.

आता 'जुनं' म्हणजे काय ते सांगायला हवं. आमच्याकडे रोज मळलेल्या पिठातला एक गोळा मागे ठेवतात. तो झाकून ठेवला की आंबतो, फुगतो, आणि दुसऱ्या दिवशीच्या पिठात त्याची मूठ टाकली की पावाला जीव येतो. दुसऱ्या दिवशीच्या पिठातला गोळा तिसऱ्या दिवसासाठी. त्याला आम्ही जुनं म्हणतो. बाबांच्या वेळेपासून एकाचं दुसरं चालत आलंय. बाबांनी मला पाव शिकवला तेव्हा वजनमाप नंतर शिकवलं, आधी हे शिकवलं, की जुनं घातल्याशिवाय पीठ भट्टीला दाखवायचं नाही. माझा हात त्या मडक्याकडे आपोआप जातो, डोळे मिटलेले असले तरी.

आणि जुनं अर्थातच गव्हाचं.

पाचव्या दिवशी मी तिच्या पिठात मूठभर जुनं टाकलं.

हात चुकून गेला असं सांगता आलं असतं. मी स्वतःला ते बरेच दिवस सांगितलंही. पण हात मडक्यापाशी गेला, थांबला, आणि मग मी विचार करून टाकलं. विचार असा होता, की आंबून आंबून त्यात गहू उरतो कितीसा, मुठीभराने काय होतंय. आणि त्याच्या खालचा विचार असा, की हे सगळं थोतांड आहे. आमच्या तीन पिढ्या गव्हावर पोसल्या, कुणाची बोटं सुजली नाहीत. तांदळाचं वेगळं जुनं लावता आलं असतं. मला येतं ते. पंधरा दिवस लागले असते. पंधरा दिवस विटा काढायला माझी तयारी नव्हती, एवढंच.

त्या दिवशी पाव फुगला. वहिनीने घास घेतला आणि पाच दिवसांत पहिल्यांदा तिचा चेहरा उजळला. "अगं वन्सं! हे काय केलंस?"

"पाणी कोमट घेतलं," मी म्हटलं.

दोन शब्द पुढे बोलायला दोन श्वास लागले असते. मी ते घेतले नाहीत. मग रोज मूठभर.

तिसऱ्या आठवड्यात मावशीच्या डोळ्याचं ऑपरेशन निघालं आणि मला दहा दिवस तिच्याकडे जावं लागलं. माझ्यामागे भट्टी दादा सांभाळणार होता. बाकीचं त्याला येतं. वहिनीच्या पावाची कृती मी कागदावर लिहून भिंतीला चिकटवली. तांदळाचं पीठ इतकं, मक्याचं इतकं, मीठ, पाणी, किती वेळ झाकायचं, किती वेळ भाजायचं. जुनं लिहिलं नाही.

परत आले तेव्हा वहिनी जिन्यात उभी. "आलीस बाई एकदाची! ह्यांनी दहा दिवस विटा थापल्यात. माझे दात वाचव." आणि मला चहा द्यायला आत गेली. साखरेच्या बरणीचं झाकण घट्ट बसतं आमच्याकडे, दोन वर्षं ते दादा नाहीतर मी उघडून द्यायचो. तिने ते बोलता बोलता फिरवून काढलं. तिच्या लक्षातही आलं नाही. माझ्या आलं, आणि मी कपातल्या चहाकडे बघत बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिच्या पिठासमोर उभी होते. मडकं शेजारी. मला कळलं होतं का? अर्धं कळलं होतं. अर्धं कळलेल्या माणसाने थांबावं की नाही? पण मी नाही टाकलं तर पाव बसणार, आणि ती विचारणार, वन्सं, आज काय झालं, तुझ्या हाताला काय झालं. आणि मग सगळंच सांगावं लागणार. मी टाकलं. त्या सकाळची मूठ आधीच्या सगळ्या मुठींपेक्षा वाईट होती, हे मला तेव्हाही माहीत होतं.

आठवड्याभरात बरणीचं झाकण परत माझ्याकडे यायला लागलं.

सहा आठवडे संपले. दादा आणि वहिनी वही घेऊन आहाराच्या बाईंकडे जाऊन आले. आल्यावर दादा गाडी लावायच्या निमित्ताने खालीच रेंगाळला. वहिनी स्वयंपाकघरात माझ्यासमोर बसली आणि पेला उगाच इकडून तिकडे सरकवत राहिली.

"काय म्हणाल्या?"

"म्हणाल्या, अन्नाचा संबंध दिसत नाही. एवढं सगळं बंद करून फरक शून्य. गहू, दूध, सगळं परत सुरू करा म्हणाल्या. पुढच्या मंगळवारी डॉक्टर जोराच्या गोळ्या सुरू करतील. त्या घेतल्या की दर महिन्याला रक्त तपासायचं, यकृताला त्रास होतो का बघायला."

"बरं."

"मधले दहा दिवस मात्र चांगले गेले होते. आठावरून तीनवर आले होते आकडे. त्यांनी विचारलं, त्या दिवसांत वेगळं काय होतं? खाणं तेच. कृती भिंतीवर लावलेली, त्याबरहुकूम ह्यांनी केलेलं." पेला थांबला. "तर हे पटकन बोलून गेले, बहीण घरी नव्हती."

मी टेबलावर सांडलेली साखर बोटाने गोळा करायला लागले.

"मी म्हटलं, काहीतरीच काय! पण त्या म्हणाल्या, मनावरच्या ताणानेही दुखणं वाढतं. घरात खटके उडतात का?" वहिनीने माझ्याकडे बघितलं, आणि तिच्या डोळ्यांत माझीच काळजी होती. "तू मनाला लावून घेऊ नकोस हं. हे काय, खुळेच आहेत. नदीपलीकडे खोली बघू म्हणतायत, थोडे महिने आम्ही दोघं वेगळं राहून बघू म्हणून. मी नाही म्हणून सांगितलंय."

आता माझा नीचपणा ऐका. मला हायसं वाटलं. माझ्यावर आळ आला होता तो तोंडाचा. फटकळ आहे, भांडकुदळ आहे, तिच्या बोलण्याने वहिनीची बोटं सुजतात. हा आळ मी मुकाट्याने घेतला. तोंडाची बदनामी मला नवी नव्हती. हाताची नको होती. पुढचे चार दिवस मी घरात अशी गोड बोलत होते की दादा माझ्याकडे संशयाने बघायला लागला आणि वहिनी म्हणाली, "वन्सं, तू भांडत नाहीस तर मला आणखीच बरं वाटेनासं झालंय." आणि रोज ताटात गव्हाचा पाव, आता राजरोस. चट्टे दंडावरून मानेपर्यंत आले होते. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. माझी मूठ झाकलेली राहिली असती तर त्याची किंमत वहिनी भरणार होती, मी नाही.

सोमवारी दुपारी भट्टी निवत होती तेव्हा मी वर गेले. वहिनी तिच्या खोलीत आवरत होती. दोऱ्यांची रिळं रंगावार डब्यात भरली होती, सुया फलाटीनच्या तुकड्यात टोचून गुंडाळल्या होत्या. लोकांचे कपडे चिठ्ठ्या लावून खुर्चीवर रचले होते. सगळ्यांत वर एक करडा कोट, बाहीवरचं भोक अर्धं बुजवलेलं.

"परत करून टाकते सगळ्यांचं," ती म्हणाली. "लोकांना किती थांबवायचं? बरं झालं आलीस. एक काम कर. तुझे डोळे चांगले आहेत. ही वही पहिल्यापासून वाच आणि बघ, मी कुठे चुकले ते."

"म्हणजे?"

"काहीतरी माझ्याकडून खाल्लं गेलं असणार. मला सारखं वाटतंय. गहू नाही तर शेंगदाण्याचं तेल, नाहीतर आणखी काही. तू नव्हतीस ते दहा दिवस चुकले नाही आणि बाकी चुकले, असं काहीतरी. ताणबिण मला नाही पटत. तुझ्याशी भांडून मी कधी आजारी पडले नाही, उलट भूक लागते."

मी वही घेतली. तिचं अक्षर दुखऱ्या दिवशी मोठं आणि वाकडं, बऱ्या दिवशी बारीक. भात. उकडलेली भाजी. सफरचंद. औषधाची गोळी, पाणी. दात घासायची पेस्टही लिहिली होती, पुढे प्रश्नचिन्ह. टपालाचं पाकीट जिभेने चिकटवलं, प्रश्नचिन्ह. शेजारच्या बाईंच्या घरी पाणी प्यायले, प्रश्नचिन्ह. आणि रोज, प्रत्येक पानावर, न चुकता: 'वन्संचा पाव.' त्याच्यापुढे एकदाही प्रश्नचिन्ह नव्हतं.

पानं संपली. मी वही मिटली, आणि सांगितलं. कसं सांगितलं ते आठवत नाही, नीट वाक्यात नव्हतं. जुनं म्हटलं, मूठभर म्हटलं, पाचव्या दिवसापासून म्हटलं.

ती उभी होती ती खुर्चीवरचे कपडे बाजूला सरकवून बसली.

"रोज?"

"रोज. मी होते ते सगळे दिवस."

"आणि ह्यांच्या पावात नव्हतं."

"नाही."

मला वाटलं होतं ओरडेल. मी ओरडण्याची तयारी करून आले होते, ओरडणाऱ्या माणसाशी कसं वागायचं ते मला येतं. तिने फलाटीनची गुंडाळी हातात घेतली आणि उलगडली.

"दोरा तोंडात धरायचा नाही असं ठरवलं होतं मी," ती म्हणाली. "दोऱ्याला खळ असते, कशाची ते कोण सांगणार. पिठाची असली तर? म्हणून सहा आठवडे मी टोक ओलं केलं नाही. या बोटांनी, कोरड्या टोकाने, एकेक सुई ओवायला पंधरा-वीस मिनिटं लागायची. कधीकधी रडायचे. तू खाली असायचीस."

मी म्हटलं, "वहिनी, मला मार."

"तुला मारायला मूठ तर मिटायला हवी," ती म्हणाली. त्यात विनोद नव्हता. "उद्या डॉक्टरांकडे जायचंच आहे. आधी बाईंकडे जाऊ. तू यायचंस. आणि तूच सांगायचंस, त्यांच्यासमोर आणि ह्यांच्यासमोर. मी एक शब्द बोलणार नाही."

दुसऱ्या दिवशी मी सांगितलं. आहाराच्या बाई रागावल्या नाहीत. त्यांनी पेन उघडलं आणि विचारलं, कुठलं पीठ, किती, मूठ म्हणजे अंदाजे किती ग्रॅम, कुठल्या तारखेपासून. मी सगळं सांगितलं. त्यांनी वहीची पानं उलटली, दहा दिवसांभोवती पेन्सिलने चौकट आखली, आणि म्हणाल्या, "बरं झालं सांगितलंत. म्हणजे ही सहा आठवड्यांची चौकशी झालीच नाही. परत करू. निष्कर्ष मात्र आधीच काढू नका, दहा दिवस म्हणजे पुरावा नव्हे. नेहमीच्या गोळ्या चालू ठेवायच्या. जोराच्या थोड्या थांबवता येतील का, ते मी डॉक्टरांना विचारते." माझ्या आयुष्यातलं सगळ्यांत लाजिरवाणं बोलणं त्यांच्या कागदावर चार ओळींत बसलं. डॉक्टरांनी सहा आठवडे दिले.

दादा पूर्ण वेळ खिडकीबाहेर बघत होता. परतताना गाडीत वहिनी मागे बसली, मी पुढे. पाववाल्या गाडीत वास आमचाच येतो, दुसरा येतच नाही. दादा म्हणाला, "भिंतीवरच्या कागदावर जुनं का नव्हतं लिहिलंस?"

"लिहिलं असतं तर तू घातलं नसतंस."

त्याने गिअर बदलला. "म्हणजे तुला माहीत होतं."

घर येईपर्यंत आणि नंतरही कितीतरी दिवस तो माझ्याशी फक्त पावाचं बोलला. इतके इकडे, तितके तिकडे.

वहिनीने कामाच्या खोलीत एक लहान शेगडी लावली आणि स्वतःचं स्वतः करायला लागली. माझ्या हातचं पाणीही घेत नसे. भांडण नव्हतं. समोर आले तर 'जेवलीस का' विचारायची, पण मला वाढायची नाही आणि माझ्याकडून वाढून घ्यायची नाही. मी खालून तिच्या शेगडीचा आवाज ऐकायची. भात ठेवला, झाकण पडलं, उचलायला त्रास होतोय. वर जाऊन उचलून द्यावं असं वाटायचं आणि पाय उचलत नसत. खाई त्याला खवखवे म्हणतात ते काय खोटं नाही. मी तर खाल्लंही नव्हतं, खाऊ घातलं होतं.

तिसऱ्या आठवड्यात झाकण पडायचं थांबलं. चौथ्यात मानेवरचे चट्टे फिके झाले. पाचव्यात एका सकाळी दादा धावत खाली आला आणि भट्टीसमोर, महिन्याभरात पहिल्यांदा, माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "मूठ मिटली गं तिची. पूर्ण." मग त्याला आठवलं आणि त्याने हात काढून घेतला.

मला आनंद झाला. खरंच झाला, देवाशप्पथ. पण त्या आनंदाला लागूनच हिशोब होता, की ही मूठ तिला दोन महिने आधी मिळाली असती. ती जसजशी बरी होत होती तसतसा माझा गुन्हा सिद्ध होत होता, आणि ती आणखी बरी व्हावी अशी मी मनापासून प्रार्थना करत होते. सगळं गेलं नव्हतं. थकवा होताच, गोळ्या होत्याच. पण करडा कोट पुरा होऊन गेला.

सहा आठवडे झाल्यावर पदार्थ परत आणायची वेळ आली. आधी अंडं, काही झालं नाही. मग दूध, काही नाही. गव्हाबद्दल बाई म्हणाल्या, परत खाऊन बघायचा की नाही ते तुम्ही ठरवा, पण खाल्ल्याशिवाय खात्री होणार नाही, आणि खात्रीशिवाय जन्मभर पाळत बसणं हेही काही खरं नाही.

त्या दुपारी वहिनी खाली आली. बेकरीत ती दोन महिन्यांत आली नव्हती. दारातच थांबली.

"उद्यापासून तीन दिवस माझ्यासाठी पाव कर. गव्हाचा. नेहमीचा, जुनं घालून."

"वहिनी, मी नाही करणार. दुसऱ्या कुणाकडचा आण. बाजारात काय कमी आहेत?"

"ज्याने झालं असं आपण म्हणतोय, तेच बघायला हवं. तूच करायचास."

मी केला. इतका जपून मी कधी पाव केला नसेल. वर घेऊन गेले. दादा कोपऱ्यात उभा होता. वहिनी ताटलीसमोर बसली, मी दोन चकत्या कापून ठेवल्या. तिने हात लावला नाही.

"सांग," ती म्हणाली.

"काय सांगू?"

"यात काय काय आहे ते सांग. मग खाते."

"गव्हाचं पीठ," मी म्हटलं. "पाणी. मीठ. आणि मूठभर जुनं. तेही गव्हाचं."

तिने मान डोलावली, चकती उचलली आणि खाल्ली. सावकाश, पूर्ण. दुसऱ्या दिवशीही मला म्हणायला लावलं, तिसऱ्या दिवशीही. कोमट पाण्याचं मी बोलले नाही आणि तिनेही काढलं नाही.

चौथ्या दिवशी सकाळी मी पहिली भट्टी काढत होते. ती जिना उतरून आली, कठड्याला धरत, एकेक पायरी. चेहरा ओढलेला आणि डोळ्यांत मात्र सुटल्यासारखं काहीतरी. "सापडला," ती म्हणाली. "गहूच. आठ लिहिलेत आज." आणि उजवा हात माझ्यासमोर धरला. "घे. धर."

मी पीठ पुसलं आणि तिचा हात दोन्ही हातांत घेतला. दोन वर्षं तो हात मी लांबून बघितला होता, धरला कधीच नव्हता. सांधे टणक होते, कातडी ताणलेली, आणि भट्टीशी इतकी वर्षं काढलेल्या माझ्या तळव्यांनाही तो गरम लागला. आत नाडी ठणकत होती ती मला मोजता येत होती.

"असा असायचा?" मी विचारलं.

"रोज," वहिनी म्हणाली. "आता सोड. दुखतंय."